साल सोललेली बकुळ

मित्रांनो, मी एक जुनी बकुळ आहे. तीन बिऱ्हाडांच्या मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या भिंतीला खेटून उभी आहे. पूर्वी अंगण झाडायला येणारी बाई आधी माझी फुलं वेचायची आणि मगच खराटा हातात घ्यायची. सुकली तरी माझ्या फुलांचा वास जात नाही ना!

मधल्या खोलीत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक काका काकूंसह राहायला आले. ते रोज माझ्या सावलीत सराव करायचे. शेजारी कानांवर हात ठेवायचे. मला मात्र त्या सुरांची गोडी लागली.

एका वर्षी काकांच्या हिरड्या सुजल्या. ट्रम्पेट ओठांना लावलं की रक्त यायचं. बँडचा मालक दुसरा वादक शोधू लागला. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टरांचं औषध चालू होतंच, पण काकूंना त्यांच्या माहेरचा उपाय आठवला. त्यांनी माझी बोटभर साल हलक्या हाताने काढली, तिचा काढा केला आणि गुळण्या करायला दिला.

"अगं, तोंड पार आवळून आलं!" काका कळवळले.

"आवळायलाच दिलाय," काकू म्हणाल्या.

हळूहळू सूज उतरली. काका पुन्हा वाजवू लागले आणि माझं नाव गावभर झालं. मी फुलून गेले होते. पण मग लोक कोयते घेऊन येऊ लागले. कुणी दातांसाठी, कुणी पोटासाठी, तर कुणी उगाच, घरात असावी म्हणून साल नेली. भिंतीकडच्या बाजूला कोयता शिरत नव्हता, तेवढीच काय ती उरली. उन्हाळ्यात माझी पानं गळाली. घरमालकाने लाकूडतोड्या बोलावला.

काकू माझ्या आणि कुऱ्हाडीच्या मध्ये उभ्या राहिल्या. "सोलून काढलीत आणि आता वाळली म्हणता?"

लाकूडतोड्याने भिंतीकडे हात घालून नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. "जीव आहे हिच्यात," तो म्हणाला आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघून गेला. काकूंनी माझ्या जखमांवर ओली माती लिंपली, वरून जुनी चादर गुंडाळली. काका बादल्या भरभरून पाणी घालत राहिले. दुसऱ्या वर्षी मला चार फुलं आली. काकूंनी ती वेचली नाहीत, नुसती बघत बसल्या.

पुढे दोघं म्हातारी झाली आणि लेकीकडे राहायला निघाली. जाताना काका माझ्या खोडावर हात ठेवून बोळक्या तोंडाने हसले. "दात वाचवलेस गं माझे. पण म्हातारपणापुढे तुझंही काही चाललं नाही!"

आता माझ्या फुलांना सगळे कचरा म्हणतात. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मित्रांनो, एवढंच सांगते : झाडाकडून औषध जरूर घ्या, पण जाण्याआधी त्याला झालेली जखमही एकदा बघा. काकूंनी बघितली, म्हणून आज मी तुमच्याशी बोलते आहे.