माहेरचा शब्द

माझ्या सासूबाई रागावतात त्या दोन भाषांत. तोंडावर मराठीत आणि पाठीमागे माहेरच्या भाषेत, म्हणजे फोनवर, धाकट्या बहिणीशी. लग्न होऊन आले तेव्हा त्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण आपल्याविषयी कोणी बोलत असलं की कान आपोआप टवकारतात. भाजी निवडता निवडता, कपड्यांच्या घड्या घालता घालता सहा वर्षांत मी ती भाषा चोरून शिकले. बोलायची वेळ कधी आली नाही, पण माझ्या स्वयंपाकाला तिच्यात काय काय म्हणतात ते तोंडपाठ आहे. घरात हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

आमच्या ह्यांना मात्र स्वतःच्या आईची भाषा येत नाही. सासऱ्यांचा हुकूम होता, घरात एकच भाषा. आणि खोटं कशाला बोलू, गेल्या महिन्यात तोच हुकूम मीही सोडला. आमची चिमणी साडेतीन वर्षांची झाली तरी दोन शब्दांपुढे जात नव्हती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, दोन भाषांनी गोंधळ होत असेल. मी घरी येऊन सांगितलं, "आई, चिमणीशी फक्त मराठीत बोलत जा." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. बहिणीजवळही चकार शब्द काढला नाही, तेव्हा मला जरा लागलंच.

त्या मंगळवारी मी दुपारी दोनला चष्म्याच्या दुकानातून जेवायला घरी आले. तिथे मी काचा घासून फ्रेममध्ये बसवते. घराचं दार सताड उघडं होतं. हे शाळेची बस चालवतात, ते माझ्या पाच मिनिटं आधी आले होते आणि स्वयंपाकघराच्या दारात आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सासूबाईंचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. उजवा हात फरशीवर नुसता पडून होता.

"अँब्युलन्स बोलावलीय," हे म्हणाले. "चिमणी कुठंय?"

"म्हणजे? आईंजवळच असणार ना!"

मी दोन्ही खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली वाकले, कपाट उघडलं. शेजारच्या दाराला कुलूप होतं. उघड्या दाराबाहेर जिना, जिन्याखाली रस्ता, आणि रस्त्यावर दुपारच्या भरधाव गाड्या.

"आई, चिमणी कुठंय?" मी त्यांच्या तोंडाशी वाकून विचारलं.

त्यांनी कशीबशी जीभ हलवली. "मेले," त्या म्हणाल्या.

एरवी हा शब्द माझ्या ओळखीचा. 'अगं मेले, दूध उतू गेलं' हे दिवसातून दहादा ठरलेलं. मला वाटलं, अशा अवस्थेतही ही बाई मला शिव्याच घालतेय! पण ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मेले? कोण मेले? आई, पोरीला काय झालं?"

"मेले... मेले..." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डाव्या हाताने माझी ओढणी धरून त्या ओढत होत्या. हे भिंतीला टेकले आणि ढसाढसा रडायला लागले. रस्त्यावर काय पडलं असेल ते मला दिसायला लागलं. मी डोळे गच्च मिटले.

मग सासूबाईंनी आणखी एक शब्द मोठ्या कष्टाने बाहेर काढला. "मगू मेले."

मगू म्हणजे लेकरू. हा काही मराठी शब्द नव्हे. मग पुढचा तरी मराठी कसा असेल? त्या झटक्यात त्यांचं मराठी गेलं होतं आणि उरली होती फक्त माहेरची भाषा. त्या भाषेत मेले म्हणजे वर. डबा फळीवर आहे, वरच्या मजल्यावरची बाई भांडखोर आहे, असलं बहिणीला सांगताना हजारदा ऐकलेला शब्द!

"अहो, वर म्हणतायत त्या! चिमणी वर आहे!" मी ओरडले आणि पळत सुटले.

जीव भांड्यात पडायला हवा होता, पण वर म्हणजे गच्ची. गच्चीचा एका बाजूचा कठडा दुरुस्तीसाठी फोडून ठेवला होता आणि तिथे नुसती एक दोरी बांधली होती. दोन जिने मी कसे चढले ते मला आठवत नाही. एक चप्पल वाटेतच राहिली.

कपड्यांच्या दोरीवर ओल्या चादरी वाळत होत्या. त्यांच्या खालून मला दोन इवलीशी पावलं दिसली, पार तिकडच्या टोकाला. चिमणी फोडलेल्या कठड्यापाशी उभी होती आणि तिथल्या त्या दोरीवर पोट टेकून खाली वाकून बघत होती.

हाक मारायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझ्या हाकेमागून वेणी, नखं किंवा औषध यांपैकी काहीतरी येतं, हे पोरीला पक्कं माहीत. मी हाक मारली की ती खिदळत उलट्या दिशेला धूम ठोकते. आता उलट्या दिशेला चार मजल्यांचा खड्डा होता. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मी चादरीच्या आड थांबले आणि हळूच म्हणाले, "बा कंदा, बा." ये बाळा, ये. ती भाषा माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होती. आवाज इतका थरथरत होता की म्हातारीचाच वाटावा.

चिमणीने दोरी सोडली. वळली, हसली आणि त्याच भाषेत मला उत्तर दिलं. चांगलं चार शब्दांचं वाक्य, न अडखळता! मग ती ठुमकत चादरीपर्यंत आली. मी तिला अशी आवळली की ती कळवळली.

तिला कडेवर घेऊन उतरताना मला उमगलं, सासूबाई महिनाभर रोज दुपारी तिला कपडे वाळत घालायला वर का नेत होत्या. घरात माझी बंदी होती. त्या दिवशी काहीतरी घ्यायला त्या एकट्या खाली आल्या असणार आणि तिथेच कोसळल्या. त्या कठड्यापाशी पोरीला मीच नेऊन उभं केलं होतं. हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

"मगू केळगे," मी सासूबाईंना म्हटलं. लेकरू खाली आलं. त्यांनी चिमणीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

अँब्युलन्समध्ये त्या ह्यांच्या तोंडाकडे बघून पुन्हा पुन्हा एकच काहीतरी पुटपुटत होत्या.

"काय म्हणतेय ती?" ह्यांनी मला विचारलं. चाळिशीचा माणूस, आपल्या आईचं बोलणं बायकोला विचारत होता.

"घाबरू नकोस, म्हणतायत."

ते माझ्याकडे वळले. "मी घाबरलो नाही, हे कसं सांगायचं?"

मी सांगितलं. त्यांना जमेना, तीनदा सांगावं लागलं. शेवटी आईचा हात धरून, हुंदके देत देत, ते तिच्या भाषेतलं आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलले, आणि ते धादांत खोटं होतं.