तालमीचा फळा

"टक्के सांग की," हातातला खडू न थांबवता बाळासो म्हणाला.

बारावीचा निकाल लागला की तालमीच्या फळ्यावर गल्लीतल्या पोरांची नावं लिहायची, हा मान बाळासोचा. तो स्वतः सातवीत थांबला होता, पण अक्षर मोत्यासारखं. 'हार्दिक अभिनंदन'खाली त्यानं रक्षिताचं नाव लिहूनही टाकलं होतं. वीरभद्रअप्पांची पोर नापास होईल, ही शक्यता त्यानं धरलीच नव्हती.

रक्षिता नुकतीच नेट कॅफेतून आली होती. निकालाचा कागद आठ घड्या घालून तिनं मुठीत धरला होता.

"एकाहत्तर," ती म्हणाली.

आवाज आपलाच आहे, हे तिला आकडा फळ्यावर उमटल्यावर कळलं.

ती घराकडे गेली नाही; तिथं आई, तिची अव्वा, वाट पाहत होती. तालमीच्या पायरीवर बसली. अर्ध्या तासात अप्पा आले. पेंडीचं दुकान त्यांनी भरदुपारी बंद केलं होतं. यापूर्वी ते एकदाच बंद झालं होतं, आजोबा वारले तेव्हा. अप्पा फळ्यासमोर उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा नमस्कार घेऊ लागले. शेजारी शिवशरणअण्णा पेढे वाटत होते. त्यांच्या वीरेशचे चौऱ्याऐंशी सगळ्यात वर होते.

"अप्पा, जरा इकडं या."

"थांब की. लोक हायत."

"फिजिक्समध्ये सत्तावीस हायत. मी खोटं सांगितलो."

अप्पांनी आधी फळ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे, तिच्याकडे सगळ्यात शेवटी. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते घाबरले होते.

"आता गप ऱ्हा," ते पुटपुटले. "उद्या काय तरी सांगू. सांगताना चूक झाली म्हणू."

उद्यापर्यंत आणखी चाळीस माणसं फळा वाचणार होती. त्यातली निम्मी पेढे मागणार होती. रक्षिता उठली.

"बाळासोकाका, माझे टक्के पुसा."

"का? वाढलं?"

"न्हाय. नापास झालो मी."

पेढा खाणाऱ्यांची तोंडं जागच्या जागी थांबली. अप्पा चपलेचा अंगठा निरखत राहिले. बाळासोनं ओलं फडकं उचललं, आकडा पुसला.

"नाव?"

"ते पण पुसा."

त्यानं पुसलं. तेवढी जागा काळी, ओली राहिली. लोक हळूहळू पांगले. कुणाला म्हशीची धार आठवली, कुणाला बँक.

शिवशरणअण्णा मात्र रेंगाळले. पेढ्यांचा डबा काखेत धरून ते बाळासोच्या कानाशी गेले.

"बाळू, वीरेशच्या आठाचा पाच कर."

"आँ?"

"कर की गुमान."

बाळासोनं फडकं पुन्हा भिजवलं. कारण त्यानं विचारलं नाही; तालमीत तेवढी रीत होती. अप्पांनी पुढं होऊन अण्णांच्या काखेतला डबा आपल्याकडे घेतला, त्यांना घाम पुसता यावा म्हणून.

मग डबा पायरीवर ठेवून अप्पा रक्षिताजवळ आले.

"चल घरी," ते म्हणाले. चार पावलं गेल्यावर थांबले.

"अव्वाला तूच सांग. मला भ्या वाटतंय."