हिरव्या स्वेटरातल्या चुका

लग्न होऊन अंकिता रहिमतपूरजवळच्या त्या वस्तीवर आली आणि वर्षभरात घरातली एकही वस्तू उघडी राहिली नाही. टीव्हीला क्रोशाची झालर, मिक्सरला टोपी, फ्रिजच्या मुठीला मोजा, पाण्याच्या पिंपावर जाळीचा रुमाल. शेजारीण म्हणायची, "वैनी, म्हस तेवढी ऱ्हायलीय बगा. शिंगास्नी कायतरी इना." हौसेला मोल नसतं, आणि अंकिताच्या हौसेला तर धरबंदही नव्हता. सांगलीला माहेरी असताना मोबाइलवर बघून बघून ती विणकाम शिकली होती, आणि खोटं कशाला बोला, चांगलीच शिकली होती. टाके एकसारखे, कडा सरळ. फक्त आपल्याला येतं याची तिला जरा जास्तच जाणीव होती.

नवरा जयराज फौजेत. या हिवाळ्यात त्याची नेमणूक बर्फात होती, त्यामुळे घरी दोघीच, अंकिता आणि सासू राहीबाई. सासूला ती आत्या म्हणे. राहीबाई कमी बोलणारी बाई. ऊस, दोन म्हशी आणि आपण. सुनेनं काहीही विणून दाखवलं की हातात घेऊन बघायची आणि "बरं हाय" म्हणून परत द्यायची. त्या "बरं हाय"च्या वर काही जाईना. अंकिताला ते फार लागायचं. या संक्रांतीला आत्यांना अशी शाल विणून द्यायची की त्यांच्या तोंडून "लय झ्याक" निघालंच पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं.

अडचण लोकरीची होती. साताऱ्याच्या दुकानात मिळाली ती अंगाला टोचणारी. तेवढ्यात राहीबाई गावातल्या बायकांबरोबर म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला दोन दिवस गेली, आणि इकडे गोधडी काढायला म्हणून अंकितानं सासऱ्यांची काळी लष्करी पेटी उघडली. सासरे नाथाजी, म्हणजे जयराजचे तात्या, हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि तीन वर्षांपूर्वी वारले होते. तिनं त्यांना फोटोतच पाहिलेलं. पेटीच्या तळाशी कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेला एक हिरवा स्वेटर निघाला. अस्सल लोकर, आता शोधून मिळायची नाही अशी. पण काम? अरे देवा! रुंदीला दोन माणसं मावतील, लांबीला कमरेच्या वरच संपलेला, आणि पुढच्या भागाचा खालचा पट्टा म्हणजे नुसता चिखल.

जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचं नवं काही करायचं, ही आपल्याकडची घरोघरची रीत. अंकितानं शिवणी सोडवून चार तुकडे केले आणि आधी पुढचा भाग घेतला. विणकाम उसवतं ते वरून खाली. गळ्यापाशी टाके बरे होते. मुंढ्याच्या खाली आल्यावर बिघडत गेले. तळाशी तर कुठे टाका निसटलेला, कुठे एकाचे दोन झालेले, कुठे उलटच्या जागी सुलट. एकटीच होती तरी ती मोठ्यानं हसली. निघालेली लोकर तिनं खुर्चीच्या पाठीला गुंडाळली, रिठ्याच्या पाण्यात धुतली, वळणं जावीत म्हणून खाली पाण्यानं भरलेला तांब्या बांधून अंगणातल्या दोरीवर टांगली. उरलेले तीन तुकडे दुसऱ्या दिवसासाठी ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच राहीबाई आली. हातात प्रसादाची पिशवी. दोरीखाली थांबली, ओली लोकर दोन बोटांत धरली.

"ही कशाची गं?"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. अंकिता हसत म्हणाली, "पेटीतला हिरवा स्वेटर उसवला, आत्या. कुणी विणला होता हो? खाली तर ओळीला ओळ लागत नव्हती. विणणाऱ्याचे हात होते का पाय!"

राहीबाई अंगणातल्या पायरीवर बसली. पिशवी तिनं मांडीवर घेतली, खाली ठेवलीच नाही.

"हातच हुतं," ती म्हणाली. "पर म्येल्यालं हुतं."

मग तिनं सांगितलं. अंकितानं आल्यापासून आत्यांना सलग एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्न झालं, आठ दिवसांत नाथाजी पलटणीत परत गेले, आणि त्याच हिवाळ्यात बर्फातल्या चौकीवर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गारठून काळी-निळी पडली. लष्कराच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस बघू, नाहीतर कापू. बोटं हलती राहावीत म्हणून तिथल्या सिस्टरनं त्यांच्या हातात सुया आणि लोकर दिली आणि शिकवलं. बंदूक धरणारा गडी खाटेवर बसून विणायला लागला. विणायचं कुणासाठी? तर बायकोसाठी. माप कुठलं? आठ दिवसांत नवी नवरी पदर ओढून खाली बघत बसलेली. बायको किती उंच, किती रुंद, हे बिचाऱ्याला नीट ठाऊकच नव्हतं. मग वॉर्डातला सगळ्यात बुटका जवान उभा केला आणि त्याच्या अंगावर माप घेतलं. जवान बुटका होता खरा, पण छातीनं पैलवान.

"पैला त्येंनी फुडला भाग इनला," राहीबाई म्हणाली. "खालनं वर. तुला जो चिखल दिसला न्हवं, तवा त्येंच्या बोटांस्नी सुईच कळत न्हवती. वर वर जाशील तसं नीट हुतं. तेवढ्यात ती बोटं माघारी आली, पोरी."

अंकिताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं उसवला होता तो स्वेटर नव्हताच. एका माणसाचा हात मेलेल्यातून परत कसा आला, ते त्यात टाक्याटाक्यानं लिहिलेलं होतं, आणि तिनं ते वरून खाली पुसून, धुऊन, वाळत घातलं होतं.

"मी परत विणते, आत्या. होता तसाच," ती रडत म्हणाली. राहीबाई उठून म्हशीकडे गेली.

लोकर वाळल्यावर अंकितानं पाठीच्या तुकड्यावरून टाके मोजले आणि दोन दिवस मान वर न करता पुढचा भाग वीतभर विणला. राहीबाईनं हातात घेतला, उजेडाकडे धरला.

"लय झ्याक," ती म्हणाली. "पर ह्यो त्येंचा न्हवं."

वर्षभर ज्या शब्दांची वाट बघितली ते असे मिळाले. अंकितानं तो तुकडा तिथंच उसवला. मग मुद्दाम चुका करत विणून बघितला. इथं एक टाका सोड, तिथं एक वाढव. तेही जमेना. शहाण्या हातानं केलेली चूक बघणाऱ्याला लगेच कळते. त्या चुका सोंग घेतल्यासारख्या दिसत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी राहीबाई आपणहून तिच्याजवळ येऊन बसली. जुनेराच्या दोन चिंध्या फाडून तिनं सुनेच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं चार-चार वेढे देऊन बांधली. "आता इन. मी सांगती."

राहीबाईला विणकाम येत नव्हतं. जन्मात तिनं सुई धरली नव्हती. उलट टाका कुठला आणि सुलट कुठला, हेही तिला ठाऊक नव्हतं. पण पहिल्या रजेवर आले तेव्हा नाथाजींनी तो स्वेटर सोप्यात पसरून एकेक चूक बोट ठेवून दाखवली होती, आणि त्यानंतर चौतीस हिवाळे राहीबाई त्या चुकांवरून बोट फिरवत आली होती. तिनं डोळे मिटले आणि मांडीवर मोकळी जागा होती तिथं, जणू स्वेटर पसरलेलाच आहे, असं बोट टेकवलं.

"डाव्या अंगाला चार बोटं सोडून एक भोक. तवा सिस्टर हाक मारून गेली, त्येंनी वर बगितलं. तितनं दोन बोटं वर एक गाठ. लोकर तुटली, दातानं बांदली. मग आडवी रेघ, सगळी सैल. तवा ताप हुता. चार दिस सैलच हाय."

अंकिता ऐकत ऐकत विणत होती. मोबाइलवर शंभर नमुने पाहिलेल्या त्या पोरीनं असं काही कधी पाहिलं नव्हतं. या बाईच्या डोक्यात अख्खा स्वेटर होता, भोक आणि भोक, रेघ आणि रेघ. आणि बांधलेली बोटं तर भलतंच काही करत होती. सुई हातात आहे की नाही तेच कळेना. टाका उचलावा तर दोन यायचे, एक निसटायचा. दुसऱ्या दिवशी तिला मुद्दाम चुकावंच लागलं नाही. आत्या म्हणायच्या, "आता हितं एकाचं दोन झाल्याती," आणि अंकिता खाली बघायची तर एकाचे दोन आधीच झालेले असायचे. ती घाबरून सासूकडे बघायची. राहीबाईचे डोळे मिटलेलेच असायचे.

तिला पहिल्यांदा समजलं की तिनं ज्याला चिखल म्हटलं होतं, तिथं एक माणूस आपलीच बोटं शोधत होता.

रोज दुपारी दोघी बसायच्या. मिक्सरची टोपी धुवायला पडली, ती तशीच राहिली. अकराव्या दिवशी काम मुंढ्यापाशी आलं तेव्हा राहीबाईनं डोळे उघडले.

"थांब. हितं त्येंना सुई टोचली."

"टोचली?"

"टोचली म्हंजी कळली. वरडलं म्हनं. सगळा वॉर्ड गोळा झाला. सिस्टर रडली. मग त्येंनी ती अख्खी वळ अशी आवळून इनली, सुई पुन्ना पुन्ना टोचून बगत." तिनं सुनेचा हात ओढून घेतला आणि चिंध्या सोडल्या. "हितनं बोटं मोकळी."

आवळून बांधलेल्या बोटांत रक्त परत आलं तशा मुंग्या आल्या. अंकितानं सुई उचलली. गार, गुळगुळीत, टोकाशी अणकुचीदार. पाच वर्षं ती सुया हातात धरत होती, पण सुई अशी तिला कधी लागलीच नव्हती. ती ओळ तिनं दात आवळून, टाका न् टाका घट्ट ओढून विणली, आणि संपली तेव्हा सासूच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. राहीबाईनं तिच्या पाठीवर हात फिरवला. आत्या रागावल्या असत्या तर बरं, असं अंकिताला वाटलं, पण त्या हातात राग शोधूनही सापडला नाही.

संक्रांतीच्या सकाळी चारही तुकडे जोडून झाले. राहीबाईनं स्वेटर घेतला, तळापासून गळ्यापर्यंत त्यावरून बोट फिरवलं. मध्ये दोनदा थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग तो लुगड्यावर चढवला. दोन राहीबाई मावतील एवढा तो तिच्या अंगाभोवती लोंबत राहिला.

त्याच वेळी फोन वाजला. जयराज चौकीवरून उतरून खालच्या तळावर आला होता, वीस दिवसांनी त्याला मोबाइलला रेंज मिळाली होती. पडद्यावर टोपी, मफलर आणि त्यामधून तेवढे डोळे.

"आई, तात्यांचा स्वेटर काढलास व्हय! आम्हाला तर कवा हात लावू देत न्हाईस."

राहीबाईनं सुनेकडे बघितलंसुद्धा नाही.

"थंडी लय पडलीया," ती म्हणाली. "म्हनलं, घालावा."

"तसाच हाय गं अजून. काय बी बदल न्हाई."

"त्येला काय हुतंय," राहीबाई म्हणाली आणि फोन सुनेच्या हातात दिला.

तब्येत कशी, जेवलात का, तिळगूळ मिळाला का, यातलं अंकितानं काही विचारलं नाही. "अहो, आधी हातमोजे काढा," ती म्हणाली.

"आं? का?"

"काढा म्हणते ना. बोटं दाखवा."

तो हसला. मागं त्याचे सोबतीही हसले. पण बायकोचा आवाज ऐकून त्यानं फोन एका सोबत्याकडे धरायला दिला, मफलर खाली केला, दोन्ही हातमोजे दातांनी ओढून काढले आणि पंजे पडद्यासमोर धरले. गारठ्यानं फुटलेली, भेगाळलेली बोटं. ती एकेक करून हलवायला लावत अंकितानं मोजली. राहीबाईही मागून वाकली आणि पुटपुटत मोजू लागली. दहा भरली. तरी दोघींनी पुन्हा पहिल्यापासून मोजली.