घोडीचा सिनेमा

बुधवारी दुपारी आबांचा फोन आला तेव्हा शैलजा पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी राहून पोळीची गुंडाळी खात होती. फोन घ्यावा असं काही नव्हतं, आणि घेऊ नये असंही काही नव्हतं. रोजचाच फोन.

आबा म्हणजे तिचे वडील भगवानराव, चकलांब्याजवळच्या गावातल्या दूध सोसायटीचे सचिव. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. सोसायटीनं चारा छावणी उघडली होती. आसपासच्या गावांची माणसं जनावरं घेऊन तिथंच राहायला आली होती, आणि आबाही दिवसभर तिथंच असत.

"तुझा लेख तिसऱ्यांदा वाचला," आबा म्हणाले. "प्रत्येकानं पाहावेत असे दहा ॲनिमेशनपट. प्रत्येकानं म्हणजे आमी पण का?"

"हो आबा, तुम्हीपण."

"मग रविवारी ये. सोसायटीच्या गोदामात तुझ्या यादीतला सिनेमा लावायचाय, तो घोडीवाला. सुरू व्हायच्या आधी दोन शब्द बोल."

शैलजाला हसू आलं. बर्फाच्या डोंगरातला एक म्हातारा टपालवाला आणि त्याची घोडी. दीड तास कुणी एक शब्द बोलत नाही. तिनं तो तीनदा पाहिला होता आणि त्यावर तीन परिच्छेद लिहिले होते.

"आबा, तो संथ सिनेमा आहे. छावणीतल्या लोकांना काय कळणार त्यात? त्यांना काहीतरी गाण्यांचं वगैरे दाखवा."

पलीकडे जनावरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"तसं न्हाई," आबा म्हणाले. "त्या सिनेमात एक गंमत हाय बघ. केशरबाई म्हणत होती की..."

"आबा, मीटिंग आहे. नंतर बोलू."

"बरं. जेवलीस का?"

"जेवतेय."

मीटिंग चार वाजता होती. तेव्हा अडीच वाजले होते.

गुरुवारी सकाळी दुधाचे कॅन टेम्पोत चढवून आबा पाणी प्यायला म्हणून बाजेवर बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून गोदामाची किल्ली काढून शैलजाच्या हातात दिली. "सोसायटीची वस्तू हाय. नेऊन दे. लोक खोळंबले असतील."

छावणी दोन फर्लांगांवर होती. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली गाई-म्हशी ओळीनं बांधलेल्या, त्यांच्या मधेच बाजा, चुली, वाळत घातलेली लुगडी. शैलजा दिसताच माणसं उठून उभी राहिली. हे तिला अपेक्षित नव्हतं. एका म्हातारीनं बाजेवरची गोधडी झटकली. ती केशरबाई.

"बस, माय. भगवानरावाची लेक ना तू? तूच धाडलेस ना ते सिनेमे?"

शैलजाला नीट ऐकू आलं होतं, तरी तिनं विचारलं, "कोणते?"

"घ्या," बाजूला वैरण टाकणारा सटवा म्हणाला. "किती धाडलेत त्याचा तिलाच पत्ता न्हाई."

सिनेमे रविवारी दुपारी व्हायचे, केशरबाई सांगू लागली. या साली खत आलंच नव्हतं, म्हणून गोदाम रिकामं होतं. शटर अर्धं खाली ओढायचं, पडदा म्हणून भिंतीला धोतर लावायचं, समोर प्रोजेक्टर ठेवायचा. आबा बीडला जाऊन मोबाइलच्या दुकानातून पेन ड्राइव्ह भरून आणायचे. सुरू करायच्या आधी दर वेळी म्हणायचे, माझ्या लेकीनं तुमच्यासाठी निवडून धाडलाय, नीट बघा. "घोडीचा तर दोन रविवारी लावला. लोकांनी पुन्हा मागितला."

म्हणजे त्या बुधवारी आबांनी फोन केला, त्याच्या आधीच तो दाखवून झाला होता. माणसांना काय कळलं हेही त्यांना ठाऊक होतं. तिचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि जेवलीस का म्हणून विचारलं होतं.

"समजला का सगळ्यांना?" शैलजानं विचारलं. विचारता विचारताच तिचे कान तापले.

"त्यात न समजण्यासारखं काय हाय?" केशरबाई म्हणाली. "घोडी गाभण. म्हणून तर तो बाबा तिच्यावर बसत न्हाई. थैली सोताच्या पाठीवर घेतो."

"पयल्याच चढाला कळतंय," सटवा म्हणाला. "मागचे पाय फाकवून चालती. ज्यानं चित्र काढलं त्याच्या घरी जनावर असणार. पर मालक लई येडा. इतकी चालून आली, तर आधी तिला पाणी दाखवावं का सोता चहा प्यावा?"

"तूबी तेच करतूस," केशरबाई म्हणाली, आणि मांडवाखाली हसू पसरलं.

शैलजानं लिहिलं होतं की टपालवाला पायी चालतो, कारण त्याचा एकटेपणा त्याला कुणावर भार टाकू देत नाही.

"आणि शेवट?" तिनं विचारलं. "बर्फात ते लहान खुरांचे ठसे..."

त्या ठशांवर तिनं एक पूर्ण परिच्छेद लिहिला होता. टपालवाल्याच्या हरवलेल्या बालपणाच्या खुणा, असा. संपादकाला तो विशेष आवडला होता.

केशरबाई तिच्याकडे बघतच राहिली. लेक चेष्टा करतेय की काय, ते तिला ठरवता येईना. "लहान खूर कुणाचे असतेत, माय? शिंगरू झालं की तिला."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "भगवानराव लई हसले होते तवा. म्हनले, लेकीला फोन करून सांगतो, तिला लई आवडंल."

सटवानं पितळी पेल्यात दूध आणलं. तेवढ्या दुष्काळात, तेवढा भरलेला पेला. "घ्या, ताई. तुमी धाडलं म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी निघाल्या. आता राहिलेले कोन लावनार? तुमीच या रविवारी थांबा. आबा म्हणायचे, लेक येऊन दोन शब्द बोलणार हाय."

पेला घेऊन मान हलवणं सोपं होतं. आबांनी सगळं तसंच लावून ठेवलं होतं, तिला काहीच करायचं नव्हतं. समोर पंधरा-वीस माणसं थांबली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं कमावलेलं नव्हतं.

तिनं पेला बाजेच्या कडेला ठेवला. किल्ली अजून मुठीतच होती.

"मी काही धाडलं नव्हतं," शैलजा म्हणाली. "आबांनी मला फोन करून बोलावलं होतं, घोडीची गंमत सांगायला लागले होते. मी ऐकून घेतली नाही. मी त्यांना म्हणाले, छावणीतल्या लोकांना काय कळणार त्यात."