झील धरणारे वकील

या, असे जवळ सरकून बसा. पेटीवाले अजून भाता तपासताहेत, आजच्या बुवांना उभं राहायला वेळ आहे. तोवर दोन वकिलांची एक गोष्ट सांगतो. गोष्ट कोर्टाची, पण ऐकताना देव आठवेल.

दुसरी जागतिक लढाई संपत आली होती ते दिवस. सातारा इंग्रजांच्या खालसा मुलखात, सांगली संस्थानात. मध्ये ना डोंगर ना समुद्र, नुसता एक नाका. पण तो ओलांडला की कायदा बदले, न्यायाधीश बदले, आणि इकडच्या वकिलाला तिकडे तोंड उघडायची सनद नसे.

वाईचे गंगाधरबुवा नावाजलेले कीर्तनकार. त्यांचा एकुलता एक मुलगा तापात गेला. सून गोदावरी छोट्या क्षमाला घेऊन सांगलीला माहेरी आली, ती परतलीच नाही. बुवांनी साताऱ्याच्या कोर्टातून हुकूम मिळवला, नात आजोबांकडे राहावी. गोदावरीने सांगलीच्या कोर्टातून मिळवला, मुलगी आईकडे राहावी. दोन्ही हुकूम खरे, आणि नाक्यापलीकडे दोन्ही रद्दी. लेकीला घेऊन गोदावरी नाका ओलांडीना, आणि पळवतील या धास्तीनं बुवांना दारात उभं करीना. त्यात बुवांची नजर चालली. काचबिंदू. दिवसाउजेडी जे दिसे तेवढंच.

“मला मालकी नको रे नियाज,” ते आपल्या वकिलांना म्हणाले, “पोरीचा चेहरा एकदा डोळ्यांत भरून घेऊ दे. मग दिवा विझला तरी चालेल.”

नियाज वकील साताऱ्याचे. बुवांचं कीर्तन असलं की देवळाबाहेरच्या पारावर हमखास बसलेले. गोदावरीचे वकील सांगलीचे अनंतराव. दोघं पुण्याला कायदा शिकताना एका खोलीत राहिलेले. नियाज सांगलीत अनंतरावांच्या दारी आले.

“काय रे, शत्रूच्या घरी चहा प्यायला आलास?”

“शत्रू की मित्र ते साखरेवर ठरवू. रेशनची आहे म्हणून हात आखडू नकोस.”

चहा निवला, पण तडजोडीचा मजकूर ठरला. क्षमा आईकडे राहील. मे महिन्याची सुट्टी आजोबांकडे. सुट्टी सरली की परत. दोन्ही कोर्टांत शब्दाला शब्द तोच. आता अडचण पुढे आली. साताऱ्याच्या न्यायाधीशांना कबुलीसाठी गोदावरी समक्ष हवी, सांगलीच्यांना बुवा. बुवा म्हणाले, आधी तिनं जावं. ती म्हणाली, आधी त्यांनी. शेवटी एकाच दिवशी दोघांनी जायचं ठरलं. आणि सनद तर नाक्यापाशी संपते! म्हणजे साताऱ्यात गोदावरीसाठी नियाज बोलणार, सांगलीत बुवांसाठी अनंतराव.

“सुनेचा वकील माझ्या बाजूनं? लोक हसतील,” बुवा म्हणाले.

“हसू द्या की,” नियाज म्हणाले. “कीर्तनातही हसतातच.”

गोदावरी मात्र हसण्यावारी नेईना. “मी तिकडे, ते इकडे, आणि पोर घरात. उचलून नेली तर? अन् तुम्ही तर त्यांचे वकील.”

नियाज म्हणाले, “ताई, बुवा ओळ टाकतात, मागचे साथीदार ती उचलतात. तिलाच झील म्हणतात. झील धरणाऱ्यानं आपली ओळ घुसडली की कीर्तन मोडतं. साताऱ्यात मी तुमचीच ओळ म्हणेन.”

साताऱ्याच्या न्यायाधीशांनी कागद वाचला आणि सहज विचारलं, “बाई, दिवाळीतही पाठवाल ना मुलीला?”

गोदावरीनं नियाजकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? नियाज नुसते गप्प राहिले असते तरी बुवांना दिवाळी मिळती. ते उठले.

“माझ्या अशिलानं मे महिनाच कबूल केला आहे, साहेब.”

परतीची मोटार कोळशाच्या गॅसवरची, कऱ्हाडच्या पुढे रुसली. “आवं बाई, कोळसा वला हाय, मी तरी काय करू?” इलाही ड्रायव्हर म्हणाला. गोदावरीला एकच घोर, पोर घरात असेल ना?

सांगलीत दिवेलागण होऊन गेली होती. घराच्या ओट्यावर कुणीतरी बसलेलं. बुवा! शेजारी अनंतराव.

“दुपारपासून इथंच आहेत,” अनंतराव म्हणाले. “कोर्टात सगळं झालं, तुझ्या आईनं दोनदा बोलावलं, आत येईनात.”

“आईच्या माघारी लेकराला भेटायचं नव्हतं मला,” बुवा म्हणाले.

“पण अंधार झाला, मामंजी!”

“झाला खरा.”

गोदावरी आत गेली. एका हातात कंदील, दुसऱ्या हाताशी क्षमा, अशी बाहेर आली. तिनं कंदील लेकीच्या गालाशी धरला. बुवा वाकले. त्यांची नजर उजेडाच्या कडेकडेनं फिरत राहिली.

“नाही गं, पुरत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी नातीच्या केसांवर हात ठेवला.

“राहा आज,” गोदावरी म्हणाली. “सकाळी अंगणात चांगलं ऊन येतं. तिथं बसवते तिला. हवा तितका वेळ बघा.”

बुवा राहिले. आणि सकाळी बसले ते ऊन कलेपर्यंत अंगणातून उठले नाहीत.

आता तो नाका गेला, गंगाधरबुवा गेले, नियाज वकीलही गेले. ऐका, टाळ वाजले. आजचे बुवा ओळ टाकतील, मागून झील उठेल, तेव्हा माझ्यासाठी एवढं करा. विठ्ठल म्हणता म्हणता, पारावर बसणाऱ्या त्या नियाज वकिलांना मनात आठवा.