सूर्यमाळ, दहा अठ्ठेचाळीस

नीलेश 'डोंगरमाथा परिवहन संस्थे'त वेळापत्रकाचा कारकून होता. संस्थेच्या नऊ गाड्या जव्हार-मोखाड्यात फिरत. एके दिवशी वरून आदेश आला, की सगळ्या फेऱ्यांची माहिती प्रवासाच्या ॲपला द्यायची. नीलेशने आठवडाभर खपून भिंतीवरचा तक्ता जसाच्या तसा संगणकात उतरवला. एकही रकाना रिकामा ठेवला नाही. संस्थेने त्याला शाल पांघरली.

त्याची बायको हर्षाली सूर्यमाळच्या शाळेत शिक्षिका होती. ती रोज जव्हारहून साडेआठची गाडी धरायची. तक्त्याप्रमाणे गाडी दहाला सूर्यमाळला पोहोचायची, प्रत्यक्षात अकराला दहा कमी असताना. शाळा साडेदहाची. पण इतकी वर्षं "गाडी लेट झाली" एवढ्यावर भागत होतं.

त्याच महिन्यात केंद्रप्रमुख सुदर्शन सर मोटारसायकलवरून सकाळीच शाळेत येऊन बसले. हर्षाली दारात आली तसा त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

"मॅडम, गाडी तर दहाला आलीय."

"सर, त्याच गाडीतून मी आत्ता उतरले. ती बघा, अजून वळतेय."

सरांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं, मग फोनकडे. "इथं दहाच दाखवतंय," ते म्हणाले आणि खुलाशाची नोटीस तिच्या हातात दिली.

घरी आल्यावर हर्षालीने ती नोटीस नीलेशच्या ताटाशेजारी ठेवली. "तुमच्या वेळेला पोहोचले नाही, म्हणून खुलासा मागितलाय."

"माझी वेळ कुठली? तक्त्यातली आहे."

"तक्ता ॲपवर कोणी चढवला?"

नीलेशने भात कालवला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन तो स्वतः त्या गाडीत बसला. खोडाळ्याच्या पुढे रुपी नावाची बाई नाचणीचं पोतं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. कंडक्टर तुळशीदास खाली उतरला आणि दोघांनी मिळून पोतं चढवलं. पुढच्या वळणावर वरच्या शेतातून एका म्हाताऱ्याने हात केला. तो उतरून येईपर्यंत गाडी उभी.

"इथं थांबा कुठाय?" नीलेशने विचारलं.

"थांबा नाय साहेब, माणूस हाय," तुळशीदास म्हणाला.

नीलेशने सगळं टिपून घेतलं. कचेरीत येऊन खऱ्या वेळा भरल्या, तर संगणक त्या घेईना. दोन थांब्यांमधला वेग अवास्तव कमी आहे, म्हणे. मग त्याने गाडी जिथं जिथं थांबली होती तिथं तिथं नवा थांबा भरला. असे अकरा झाले. त्यांना जवळच्या पाड्यांची, लोक म्हणत तीच नावं दिली. आता संगणकाने निमूट घेतलं. सूर्यमाळ, दहा अठ्ठेचाळीस. ते पाडे पहिल्यांदाच कुठल्या वेळापत्रकात आले होते. नीलेशला मनापासून बरं वाटलं. त्याने छापील प्रत काढून दिली आणि हर्षालीने ती खुलाशाला जोडली.

सुदर्शन सरांनी खुलासा दोनदा वाचला. "म्हणजे ही गाडी उशिरा पोहोचते, हे तुम्हाला आधीच माहीत होतं."

"हो सर."

"आणि माहीत असून रोज त्याच गाडीने येता."

"सकाळची दुसरी गाडीच नाही, सर."

सरांनी आवाज खाली आणला. "मॅडम, शाळेच्या गावातच राहायचा नियम आहे, आणि तुम्ही कागदोपत्री सूर्यमाळलाच राहता. ग्रामपंचायतीचा तसा दाखला फायलीत आहे. मग जव्हारची गाडी लागते कशाला? तोंडी होतं तोवर ठीक होतं. आता तुम्ही सहीनिशी लिहून दिलंत."

सर स्वतः नाशिकहून यायचे. पण त्यांची मोटारसायकल कुठल्याच ॲपमध्ये नव्हती.

हर्षालीने गावात पोशीबाईंच्या घरी एक खोली घेतली. पहिल्या दिवशी सव्वादहालाच शाळा उघडली, फळा पुसला, तारीख लिहिली. साडेदहाला स्वतःच घंटा दिली. कोणी आलं नाही. ती पायरीवर बसून राहिली. पावणेअकरा वाजून गेल्यावर गाडी घुरघुरत चढ चढली, आणि पाड्यांवरून पोरं धावत खाली आली. सगळ्यांत पुढे चौथीतली रविना.

"मॅडम, आज गाडीत नाय आल्या?"

"मी केव्हाची इथंच आहे. तुम्ही एवढा उशीर का केलात?"

"उशीर कुठं? गाडी आता तं चढली."

गाडीचा आवाज आला की दप्तर उचलायचं, हे घरोघरी वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. हर्षालीला त्याचा पत्ताच नव्हता, कारण ती रोज त्या आवाजाबरोबरच येत होती.

संध्याकाळी ती टेकाडावर, जिथं रेंज मिळते तिथं गेली आणि नीलेशला फोन लावला. "अहो, गाडी अर्धा तास आधी सोडता येईल का?"

"आता कसं जमेल? ॲपवर वेळ गेलीय ना. परवा गाडी दहा चाळीसलाच पोहोचली, तर मीच तुळशीदासला नोटीस काढली."

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच हर्षाली पाड्याकडे चालत निघाली. पहिलंच घर रविनाचं. तिची आई चुलीपाशी भाकरी थापत होती.

"अजून गाडी कुठं आली, मॅडम," ती म्हणाली आणि हर्षालीकडे पाट सरकवला. "बसा, तवर चहा घ्या."