नदीपलीकडची ओटी

बाळांनो, घटकाभर स्वतःला दहा वर्षांच्या एका मुलीच्या जागी ठेवून पाहा. तुमच्या हातांत सूप आहे. सुपात खण, तांदूळ, हळदकुंकू आणि नारळ. सकाळपासून तुम्ही ते धरून आहात आणि देवळात पोचेपर्यंत कुठेही खाली टेकवायचे नाही. टेकवलेत तर नवस फुकट गेला. हात भरून आले ना? सुगंधाचेही आले होते.

साल एकोणीसशे चौपन्न. सुगंधा मालवणची. तिचे बाबा मंगळुरी कौले आणायला गलबत घेऊन गेले होते. बरोबरची गलबते केव्हाच बंदराला लागली, त्यांचा मात्र पत्ता नव्हता. म्हणून शेवंतीआत्याने नदीपलीकडच्या गावातल्या भगवतीला ओटी बोलली होती, आणि ती लेकीनेच वाहून न्यायची होती.

आरोंद्याला होडीत बसले की पलीकडच्या काठावर गोवा, म्हणजे तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य. नदी एकच, दोन्ही काठांवरची माणसे एकमेकांची सोयरी, पण पलीकडे उतरताना परक्या शिपायाला बोचकी सोडून दाखवावी लागत. शिपायाने सुपातला नारळ कानाशी धरून हलवला, तेव्हाच सुगंधाच्या नाकपुड्या फुलल्या होत्या.

बाजारात आत्या फुलांचा भाव करत होती, तोच गलका झाला. एक माणूस तिरंगा उंच धरून रस्त्याच्या मधोमध येत होता. एकटाच. वयाने बाबांएवढा. ‘जय हिंद’ म्हणत तो चार पावले चालला असेल नसेल, शिपाई धावले. त्यांनी त्याच्या नडग्यांवर दांडे घातले. तो कोसळला, झेंडा धुळीत पडला. पडलेल्या माणसाला ते मारतच राहिले. गुरालाही कोणी असे मारत नाही.

आणि भरलेला बाजार काय करत होता? आपापल्या टोपल्यांत पाहत होता.

गोरा अंमलदार झेंड्याकडे बूट रोखून काहीतरी म्हणाला. त्याच्याबरोबरच्या गावठी शिपायाने ते त्या माणसाला सांगितले, “सायब म्हणता, बावट्यार पाय दी आनी घरा वच.”

माणसाने तोंडातले रक्त थुंकले. “पाय तुमीच मोडलात मरे. आता खंयचो ठेवू?”

गर्दीत कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच खोकल्याचे सोंग केले. दांडा पुन्हा उठला.

“आत्ये, इतकी माणसां आसत. कोणच पुढे कशाक जाणा नाय?” सुगंधाचा आवाज रागाने फाटला.

“गप. मान खाली घाल. परमुलूख हो,” आत्या कुजबुजली. “तुझ्या बापाशीचो जीव त्या सुपात आसा. देवळाक चल.”

“तो मार खाता आणि मी ओटी घेवन जाव?”

“चल म्हणतंय ना गो.”

सुगंधाला शिपायांचा राग आला होता. त्याहून मोठा राग आला तो टोपल्यांत पाहणाऱ्या थोरामोठ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त आत्याचा, कारण आत्या रडत होती आणि तरीही तिला ओढत होती. रागावू नये, असे आम्ही मोठे तुम्हांला शिकवतो. त्या दिवशी मात्र त्या बाजारात जी रागावली, तीच काय ती शहाणी होती.

तो माणूस काही केल्या ऐकेना, तेव्हा अंमलदार स्वतःच झेंड्याकडे निघाला, बूट आपटत.

सुगंधाने सुपाकडे पाहिले. “बाबा,” ती पुटपुटली. मग आत्याचा हात झटकून ती गर्दीतून धावली आणि झेंड्यापाशी गुडघ्यांवर बसली. तिने सूप धुळीत टेकवले. झेंड्याची चुरगळलेली टोके सरळ केली. त्यावर खण पसरला, तांदूळ घातले, नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिले आणि अंमलदाराच्या बुटापुढे, झेंड्याला हात जोडून ती तिथेच बसून राहिली.